डोक्यावरची रेघ

मंगलाष्टकांचा कागद आमच्या घरात पास झाल्याशिवाय छापायला जात नाही. तसा काही कुणी नियम केलेला नाही. पण नात्यातल्या प्रत्येक लग्नात आमचे हे स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात, आणि ती छापून अक्षतांबरोबर हातोहात वाटायची ही पद्धतही त्यांचीच. लोक अक्षता टाकतात, कागदाची घडी पर्समध्ये टाकतात. वाचतं कोण, देव जाणे. पण कागद हवा. वर मोठ्या अक्षरांत ‘शुभमंगल’, मग वधूवरांची नावं, खाली अष्टकं, आणि अगदी शेवटी, नाइलाजाने घातल्यासारखं दाखवत, रचनाकार म्हणून ह्यांचं नाव.

या वेळचं लग्न माझ्या नणंदेच्या मुलीचं. कागद सजवायचं काम सुनेने आपणहून मागून घेतलं. ती खराडीला नोकरीला आहे, मोबाइलच्या पडद्यावर काय कुठे दिसावं हे ठरवायचं तिचं काम. मुलगा कामासाठी बंगळुरात, महिन्याकाठी एखादी फेरी मारतो. तेव्हा कोथरूडच्या या घरात रोजची माणसं चार. आम्ही दोघं, सून आणि तिसरीतली नात.

“आई, हा फॉन्ट बघा ना कसा वाटतो,” म्हणून तिने लॅपटॉप थेट माझ्या कणकेच्या परातीशेजारी आणून ठेवला.

मी हात पुसले आणि बघतच राहिले. आता मला अक्षरांचं काय कळतं म्हणाल, तर शाळा नववीत सुटली, पण अक्षरांचं वेड तेव्हापासूनचं. पेंटर शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवायचे, ते मी भाजीची पिशवी खाली ठेवून बघत उभी राहायची. चपटा ब्रश खाली ओढला की जाड रेघ, तोच आडवा सरकवला की बारीक. घरी येऊन तेच खडूने करून बघायचं. खडू आडवा धरला की जाड, टोकावर धरला की बारीक. आमच्या भजनी मंडळाचा फळा मी असाच लिहिते, आणि बायका भजनापेक्षा फळ्याचंच जास्त कौतुक करतात, ते जाऊ दे.

तर सुनेचा तो फॉन्ट. उभे दांडे चांगले भरदार, खात्यापित्या घरचे. आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एकतारी पाकासारख्या, आता तुटेल की मग तुटेल. ‘श’च्या गाठीतून रेघ निघते ती जाड, आणि वळून पुढे जाताजाता केसाएवढी होते. टोकांना इवलीशी पायरी, जणू प्रत्येक रेघ थांबताना पाय जुळवून उभी राहिली आहे. आणि डोक्यावरची रेघ, जी आम्ही शाळेत पट्टी लावून ठसठशीत मारायचो, ती तर गजऱ्यातल्या दोऱ्यासारखी. फुलं दिसतात, दोरा बघावा लागतो.

“हा फक्त मोठ्या मथळ्याला वापरायचा हं आई,” सून म्हणाली. “लहान केला की बारीक रेघा मरतात.”

मरतात, हा तिचाच शब्द.

गुरुवारी संध्याकाळी तिने तो कागद ऑफिसातून छान जाडसर कागदावर छापून आणला आणि ह्यांच्या हातात दिला. हे खुर्चीत बसले होते. कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, “अष्टकं झकास. पण डोक्यावरची रेघ कुठे गेली? गुजराथी व्याही केलेत का? मला कुणी बोललं नाही.”

सून हसत हसत स्वयंपाकघरात आली. “आई, ऐकलंत? बाबांना रेघ बारीक वाटतेय.”

“बारीक नाही, नाहीच आहे,” बाहेरून आवाज. “का ती अहेरात देणार आहात?”

“बाबा, टोमणा पोचला! पण रेघ अशीच राहणार, फॅशन आहे.”

मीही हसले. आमच्या घरात ह्यांचं बोलणं असंच, सरळ म्हणून काही यायचं नाही. चहा गोड झाला तर “आज साखर कारखान्याला सुट्टी नव्हती वाटतं,” आणि पोळी करपली तर “कोळशावर संशोधन चाललंय का?” इतक्या वर्षांत आम्ही सगळे शिकलोय, की ह्यांचं वाक्य ऐकायचं, हसायचं आणि पुढे जायचं.

मी चिवड्याची बशी घेऊन बाहेर आले, आणि दारातच थबकले. हे हसत नव्हते. कागद ट्यूबलाइटखाली धरून, मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसे एका डोळ्याच्या कडेने बघत होते. अंगठा अक्षरांच्या डोक्यावरून हळूहळू फिरत होता, रेघ हाताला लागतेय का ते बघत असल्यासारखा. माझी चाहूल लागली तशी त्यांनी कागद टीपॉयवर ठेवला.

“छान आहे,” म्हणाले. नुसतं छान आहे.

टोमणा नव्हताच तो. त्यांना रेघ खरंच दिसली नव्हती.

आता कुणी म्हणेल, सत्तरी उलटलेल्या माणसाला बारीक रेघ दिसली नाही, त्यात काय एवढं. काहीच नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण आमच्याकडे सून साडेसातच्या कॅबने खराडीला जाते, आणि तिच्यामागून नातीला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडणारे आणि दुपारी आणणारे, ते हेच. रोज. कर्वे रोडच्या त्या गर्दीतून.

शुक्रवारी सकाळी मी बाल्कनीत उभी होते. नातीने हेल्मेट घातलं, दप्तर पाठीला, आणि आजोबांच्या पोटाला घट्ट मिठी. रोजचंच दृश्य, पण मला ते बघवेना. स्कूटर फाटकातून बाहेर पडली, दुधाच्या टेम्पोमागे जराशी थांबली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी आत आले. कुकर लावला, शिट्ट्या मोजायचं विसरले. एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली हे पेपरातलं कोडं सोडवत नाहीत, म्हणतात कोडी भिकार झालीत. संध्याकाळी गाडी काढायचं टाळतात, म्हणतात पोरं कशीही चालवतात. आमटी वाढताना परवा पळी वाटीच्या कडेवर टेकवली आणि मग आत घातली. प्रत्येक वेळी काहीतरी तिरकस बोलले, आणि प्रत्येक वेळी आम्ही हसलो.

फोन हातात घेतला, सुनेचा नंबर लावला आणि कट केला. सांगणार काय? सासऱ्यांनी काल टोमणा मारला नव्हता, हे? तिने ऑफिस सोडून धावत यायचं ते कशासाठी? आणि माझाच गैरसमज असला तर ह्यांना केवढं लागेल. जिन्यात चपलांचा आवाज आला तेव्हा कुठे मी फोन खाली ठेवला. हे आले, किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, “भाताला आज खमंग वास येतोय. भात लावलायस की धूप?”

मी हसले नाही.

त्या संध्याकाळी मी एक युक्ती केली. नातीचा घरी छोटा फळा आहे. त्यावर मी सुनेच्या फॉन्टसारखा मोठा ‘अ’ काढला. खडू आडवा धरून दांडा जाड, आणि खडूच्या टोकाने जोडणारी रेघ अगदी बारीक. नातीला म्हटलं, “आजोबांना विचार, बारीक रेघ कुठे आहे. बोट ठेवायला सांग.” तिला काय, खेळच मिळाला. फळा उचलून आजोबांसमोर नेला.

ह्यांनी पाहिलं. जरा वेळ लावला, आणि ठामपणे बोट ठेवलं. रेघेच्या चांगलं खाली, कोऱ्या जागेवर.

“आजोबा चीटिंग करतात!” नात ओरडली. “मुद्दाम चुकतात!”

“मग! तुला जिंकवायला नको का?” हे म्हणाले.

किती पटकन म्हणाले! तिने सबब पुढे केली आणि त्यांनी ती झेलली. क्षणाचाही विचार नाही. तिथे मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ह्यांना दिसत नाही एवढंच नव्हतं. दिसत नाही हे ह्यांना ठाऊक होतं.

शनिवारी शाळेला सुट्टी. छापखान्यात जाऊन कागद शेवटचा बघायचा होता. छापखाना नारायण पेठेत, ह्यांच्या नेहमीचा. एरवी एकटे जातात. मी म्हटलं, मीही येते.

“तुला काय काम?”

“लक्ष्मी रोडला ब्लाउजपीस बघायचंय.”

“कपाट फुटेपर्यंत बघ,” म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

मी मागे बसले. लग्न झाल्यापासून ह्यांच्या मागे बसतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी ह्यांच्या खांद्यावरून रस्ता बघत होते. मोठ्या रस्त्याला सगळं ठीक. सिग्नल पाळले, बसच्या मागे मागे, बेताच्या वेगाने. मला वाटायला लागलं, उगीच जिवाला घोर लावून घेतला. मग आम्ही पेठेतल्या गल्लीत वळलो.

पाइपासाठी गल्ली अर्धी खणलेली होती. खड्ड्यापाशी पत्रे नाहीत, पाटी नाही, फक्त या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत नायलॉनची एक पांढरी दोरी ताणून बांधलेली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. मला ती लांबूनच दिसली. मी वाट बघत होते की आता वेग कमी होईल. आता होईल. आता. स्कूटर तशीच चालली होती.

“अहो, दोरी!” मी किंचाळले आणि त्यांचा शर्ट दोन्ही हातांनी मागे ओढला.

ब्रेक लागला. गाडी घसरली, तिरकी झाली आणि थांबली. दोरी आरशाला अडकून ताणली गेली होती, ह्यांच्या गळ्यापासून वीतभर लांब. पलीकडे खड्डा, आणि खड्ड्यात काम करणारा माणूस फावडं टाकून वर बघत होता.

“ओ आजोबा, एवढी दोरी बांधलीय, दिसंना व्हय?”

“रस्ता खणता येतो, एक पाटी लावता येत नाही?” हे कडाडले. “का तीपण आम्हीच घरून आणायची?”

तो माणूस वरमला. आजूबाजूचे दोघंतिघं म्हणाले, काका बरोबर बोलतात, पाटी पाहिजेच. ह्यांचंच खरं झालं. ह्यांचंच नेहमी खरं होतं. पण मी मागे बसले होते, मला ह्यांचे हात दिसत होते. हॅंडलवरची बोटं ब्रेकवरून सुटतच नव्हती. आणि मला पाठीमागे बसलेली मी दिसत नव्हते. तिथे दप्तर घेतलेली, आजोबांच्या पाठीला गाल टेकवून बसलेली, समोरचं काहीही न दिसणारी पोर दिसत होती.

छापखान्यापर्यंत गाडी हाताने ढकलत नेली.

छापखान्याच्या मालकांनी स्टूल पुढे केलं, नमुन्याचा कागद आणला. “काका, सूनबाईंनी पाठवलेलं एक नंबर आहे. पण ही डोक्यावरची रेघ फार नाजूक आहे हो. आमच्या मशीनवर तुटेल अशी भीती वाटते. थोडी जाड करू का? तुम्हीच बघा आणि सांगा.” आणि छपाई तपासायचं भिंग त्यांनी ह्यांच्या हातात दिलं.

ह्यांनी भिंग कागदावर टेकवलं आणि त्यावर डोळा आणला. आत कुठलंसं मशीन खडखड चाललं होतं. हे भिंग सरकवत होते. ‘शु’वरून ‘भ’वर, ‘भ’वरून ‘मं’वर. फार वेळ लागला. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे.

“आहे,” हे म्हणाले.

“काय आहे काका?”

“रेघ. आहे सगळीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“म्हणजे असणारच की,” मालक हसले. त्यांनाही तो टोमणाच वाटला असावा. “मी विचारतोय, जाड करू का?”

“नको. पोरीने मन लावून केलंय. आहे तशीच छापा.”

बाहेर आलो. ह्यांनी खिशातून किल्ली काढली. मी स्कूटरच्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले.

“मी बसणार नाही.”

“मग चालत ये.”

“आणि नातही बसणार नाही. सोमवारी नाही आणि नंतरही नाही.”

“रस्त्यात तमाशा करायचाय का?”

“करायचाय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, समोरच्या दुकानातली बाई बाहेर डोकावली. चढू दे. “कधीपासून?”

त्यांनी किल्ली तळहातावर उलटीपालटी केली. मग हे किल्लीकडे बघत म्हणाले, “गणपतीपासून. डाव्या डोळ्याला मधोमध धुरकट दिसतं. उजव्यावर भागतं. तो रस्ता पाठ आहे मला. मोठी बस बघतो आणि तिच्या मागे जातो.”

“पाठ?” माझं डोकंच फिरलं. “अहो, रस्त्यावरची माणसं काय रोज त्याच जागी उभी असतात? ती दोरी काल होती का तिथे?”

“मी नाही नेलं तर कोण नेणार होतं? तिला नोकरी सोडायला सांगू?”

हे त्यांनी सरळ विचारलं. कुठेही तिरकं नाही. आणि त्यामुळेच मी आणखी चिडले. स्कूटर छापखान्याच्या दारात लावली, रिक्षा केली आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. रिक्षात मी माझ्या बाजूने बाहेर बघत होते, हे त्यांच्या बाजूने.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बारीक चौकटी आखलेला एक कागद समोर धरला. “काका, सगळ्या रेघा सरळ दिसतात?” मला वाटलं आता निघणार काहीतरी, तुमची पट्टी वाकडी असेल वगैरे. पण हे म्हणाले, “नाही. मधल्या वाकतात. काही नाहीतच.” डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. डाव्याचा बराच झालाय, उजव्याला सुरुवात आहे. इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकवता येईल, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. आणि गाडी आजपासून बंद.

“आजपासून,” ह्यांनी नुसता शब्द परत उच्चारला.

घरी येताना लिफ्टमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते, सुनेला कसं सांगायचं. कुठून सुरुवात करायची. तेवढ्यात हे म्हणाले, “मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.”

सून कपड्यांच्या घड्या घालत होती, नात खाली फरशीवर चित्र रंगवत बसली होती. हे सुनेसमोर खुर्चीत बसले आणि सांगितलं. गणपतीपासूनचं सगळं. धुरकट डोळा, बस, आजची दोरी, डॉक्टर, इंजेक्शनं. मध्ये एकही शेरा नाही. मला ऐकायला कसंतरी होत होतं. इतक्या वर्षांत ह्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

सुनेच्या हातातला फ्रॉक अर्धाच घडी झालेला होता. “बाबा, कालही?”

“कालही.”

“आणि त्या दिवशी पावसात, क्लासला घेऊन गेलात तेव्हाही?”

“हो.”

ती उठली. लेकीपाशी गेली, उगीचच तिच्या डोक्यावर हात ठेवला, बांगडीत अडकलेले केस सोडवले. नात म्हणाली, “काय गं आई, रंग बाहेर गेला ना माझा!” सून परत येऊन बसली. ह्यांनी खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली, तिच्यासमोर. माझ्यासमोर नाही. तिने ती उचलली आणि मुठीत धरली. बोटं पांढरी होईपर्यंत आवळून धरली होती.

“मग सोमवारी मला कोण नेणार?” नातीने चित्रातून मान वर न करता विचारलं. पोरांचं लक्ष नसतं असं आपल्याला वाटतं.

मी म्हटलं, “मी नेईन. बसने जाऊ आपण.”

“वा!” हे म्हणाले. सवयच ती, कुठे जाणार. “बसचा नंबर वाचता वाचता बस स्वारगेटला पोचेल. मग दोघींना शोधायला—”

“बाबा, गप्प बसा.”

सून ओरडली नाही. हळू आवाजातच म्हणाली, पण डोळे भरलेले होते. आमच्या घरात हे वाक्य ह्यांना आजवर कुणी ऐकवलेलं नव्हतं. ह्यांच्या आईनेसुद्धा नाही, माझी तर गोष्टच सोडा. मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठतील, खोलीत जातील, दार लागेल, आणि मग आठवडाभर मला मध्यस्थी करत फिरावं लागेल.

हे उठले नाहीत. गप्प बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलासारखे सुनेकडे बघत राहिले. आता तिच्या चेहऱ्यातलं त्यांना कितपत दिसत होतं, कोण जाणे.

तिने नाक ओढलं, फ्रॉकची घडी पुरी केली. किल्ली अजून मुठीतच होती.

“इंजेक्शनची तारीख कधीची दिलीय?” तिने विचारलं. आवाज कडकच होता.

“बुधवारी,” हे म्हणाले.